घराघरातला धम्म : तैवानच्या बौद्धांकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. आज तो आपल्या पुष्कळ घरांत व विहारांत आहे. या ग्रंथाच्या इंग्रजी आणि हिंदी आवृत्त्यांच्या प्रती जिथे असतील, तिथे त्यांचे पहिले पान उघडून पाहा. काही प्रतींवर छापणाऱ्या संस्थेचे नाव दिसेल : कॉर्पोरेट बॉडी ऑफ द बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशन, तैपेई, तैवान. आणि त्याबरोबरच हे पुस्तक मोफत वाटण्यासाठी आहे, विकण्यासाठी नाही, अशी सूचना दिसेल.

हे तैवानचे लोक कोण? त्यांनी बाबासाहेबांना पाहिले नाही, आपली भाषा त्यांना येत नाही, शहापूर-मुरबाडचे नावही त्यांच्या कानी पडलेले नसेल. मग आपल्यासाठी कागद आणि शाई त्यांनी का खर्च केली? या एका प्रश्नातून आजचा पाठ सुरू होतो. त्यांच्या देशात बुद्धाचा धम्म आधुनिक काळात घराघरांत, बाजारात, इस्पितळात, गाण्यांत आणि चित्रवाणीवर कसा पोहोचला हे आपण पाहू. नंतर त्यातले काय आपल्या घरी आणण्याजोगे आहे आणि काय तिथेच ठेवण्याजोगे आहे, याचा विचार करू.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी हा विचार निकडीचा आहे. दीक्षेचा दिवस एकच असतो. पांढरी वस्त्रे, त्रिशरण, पंचशील, बावीस प्रतिज्ञा, जयघोष. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तोच चुलीचा धूर, तीच खाडीवरची नाही तर कंपनीतली पाळी, तीच कसाऱ्याहून सुटणारी लोकल. घरातले लहान मूल विचारते, “आपण बौद्ध झालो म्हणजे आता काय वेगळे करायचे?” या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर धर्मांतर शाळेच्या दाखल्यावर राहते, घरात उतरत नाही.

१. तैवान देशाची ओळख

तैवान हे चीनच्या आग्नेय किनाऱ्यासमोरचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ३६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याहूनही थोडे कमी. लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख. सतराव्या शतकापासून चीनच्या फुकियान प्रांतातून शेतकरी व कोळी तेथे जाऊन राहिले आणि त्यांनी आपल्याबरोबर आपल्या देवता व बुद्धही नेले. १८९५ ते १९४५ या काळात बेटावर जपानचे राज्य होते. १९४९ साली चीनमध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा अनेक लोक समुद्र ओलांडून तैवानला आले. त्यांत बौद्ध भिक्खूही होते. हे भिक्खू निर्वासितच होते. मठ मागे राहिलेले, जवळ पैसा नाही, आणि सरकारी लष्करी कायदा १९८७ पर्यंत चालू. अशा स्थितीत त्यांनी धम्माची नवी उभारणी केली. विहार, दान आणि सत्ता यांपैकी काहीच हाताशी नसताना धम्म उभा राहू शकतो, ही त्या देशाच्या इतिहासातली आपल्याला धीर देणारी गोष्ट आहे.

२. ‘माणसांच्या जगातला बुद्धधम्म’

जुन्या चीनमध्ये भिक्खूंचे एक मोठे काम म्हणजे मेलेल्यांसाठी पाठ म्हणणे. घरात मृत्यू झाला की भिक्खू यायचे, दक्षिणा घ्यायचे आणि जायचे. जिवंत माणसाशी त्यांचा फारसा संबंध उरला नव्हता. ताईशू (१८९०–१९४७) नावाच्या भिक्खूने याविरुद्ध आवाज उठवला. बुद्धाचा धम्म भुताखेतांसाठी आणि परलोकासाठी नाही, तो जगणाऱ्या माणसांसाठी आहे, असे त्यांचे सांगणे होते. त्यांचे विचार पुढे नेणारे विद्वान भिक्खू यिन शुन (१९०६–२००५) तैवानात राहिले आणि त्यांनी ‘माणसांच्या जगातला बुद्धधम्म’ या विचाराची ग्रंथांतून मांडणी केली.

वाचकहो, हा विचार वाचताना बाबासाहेबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपल्या महान ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत. त्यांतला शेवटचा प्रश्न भिक्खूविषयी आहे : भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू काय होता? एक परिपूर्ण माणूस घडवणे, की लोकांची सेवा करणारा समाजसेवक घडवणे? भिक्खू केवळ स्वतःपुरता परिपूर्ण असेल तर त्याचा धम्मप्रसाराला उपयोग नाही. तो समाजसेवक असेल तरच बौद्ध धम्माला आशा आहे, असा त्यांचा रोख आहे. एकीकडे चीन व तैवानचे भिक्खू, दुसरीकडे महू छावणीत जन्मलेला आणि साऱ्या देशाची घटना घडवणारा महापुरुष. भाषा वेगळी, समाज वेगळा, दुःख वेगळे. तरी दोघांनीही विचारले ते हेच, की धम्म जगणाऱ्या माणसाच्या कामी येणार की नाही.

३. बांबूचा गल्ला

आता एका भिक्खुणीची हकीगत पाहू. तिचे नाव चेंग येन, जन्म १९३७. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर ह्वालियन नावाचा भाग आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेला, त्या काळी मागास आणि गरीब. तिथे ती काही शिष्यांबरोबर हातमेहनतीवर पोट भरून राहत होती. असे सांगतात की एकदा तीन ख्रिस्ती जोगिणी तिला भेटायला आल्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, आमच्या लोकांनी शाळा काढल्या, इस्पितळे काढली. तुम्ही बौद्ध करुणेच्या गोष्टी सांगता, पण समाजासाठी करता काय? हा प्रश्न तिच्या मनाला लागला.

१९६६ साली तिने ‘त्सुची’ नावाची संस्था सुरू केली. या शब्दाचा अर्थ करुणेने केलेले साहाय्य. तिच्याबरोबर होत्या तीस गृहिणी. तिने प्रत्येकीला बांबूचा एक पोकळ तुकडा दिला आणि सांगितले, रोज सकाळी बाजाराला जाण्यापूर्वी अर्धा डॉलर यात टाका. तैवानचा अर्धा डॉलर म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे, भाजीतल्या एका जुडीला पुरेल न पुरेल एवढे. कुणीतरी विचारले, रोज रोज कशाला? महिन्याचे पंधरा डॉलर एकदम दिले तर नाही चालणार? तेव्हा तिने जे समजावले त्याचा आशय असा : महिन्यातून एकदा दिले तर देण्याचा विचार महिन्यातून एकदाच मनात येईल, रोज दिले तर रोज येईल.

बंधूंनो, या उत्तरावर थोडे थांबा. पैसा तेवढाच जमणार होता. फरक पडणार होता तो माणसात. बाजारात जाऊन त्या बायका एकमेकींना सांगू लागल्या, आणि भाजीवाल्यांनीही गल्ले मागितले. वीस वर्षांनी, १९८६ साली, ह्वालियनमध्ये त्सुचीचे मोठे इस्पितळ उभे राहिले. १९९० पासून त्यांच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावरचा कागद, बाटल्या, डबे गोळा करून निवडण्याचे काम हाती घेतले. त्यात म्हाताऱ्या आज्या मोठ्या संख्येने आहेत. १९९३ साली रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी अस्थिमज्जा देणाऱ्यांची नोंदवही सुरू झाली. आज ही संस्था जगातल्या अनेक देशांत भूकंप-पुरात मदतीला जाते. सुरुवात मात्र गृहिणींच्या ओट्यावरच्या बांबूपासून झाली.

त्या मोफत पुस्तकाचे कोडेही येथेच सुटते. तैपेईची ती संस्था वाचकांच्या देणग्यांवर पुस्तके छापते. कोणी आईच्या नावाने, कोणी आजारी मुलासाठी सद्भावना म्हणून थोडीशी रक्कम देतो आणि त्यातून दूरच्या देशातल्या अनोळखी माणसाच्या हाती ग्रंथ पडतो. धम्मदान सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपण ऐकतो. त्यांनी ते छापखान्यात नेले.

४. गाणे, चित्रवाणी आणि धम्म

दुसरे एक भिक्खू शिंग युन (१९२७–२०२३). १९४९ साली तरुणपणी ते चीनमधून तैवानला आले. १९५० च्या दशकात यिलान नावाच्या गावी त्यांनी तरुण मुलामुलींचे गायनपथक तयार केले आणि धम्माची गीते गायला लावली. जुन्या वळणाच्या लोकांना ते रुचले नाही. विहारात गाणे-बजावणे शोभते काय, असे त्यांना वाटले. पण तरुण विहारात आले ते गाण्यामुळेच. १९६७ साली त्यांनी दक्षिणेस काओशुंगजवळ ‘फो ग्वांग शान’ म्हणजे बुद्धप्रकाशाचा डोंगर हे विहार स्थापन केले. पुढे शाळा, महाविद्यालये, वृत्तपत्र, चित्रवाणी असा त्यांचा विस्तार झाला. त्सुचीनेही १९९८ साली स्वतःची चित्रवाहिनी सुरू केली. तिच्यावर खऱ्या माणसांच्या आयुष्यावर बेतलेल्या मालिका दाखवतात : व्यसन सुटलेला नवरा, सासूशी समेट झालेली सून, कचरा वेचता वेचता मन निवळलेली म्हातारी. धम्माचे नाव कमी आणि शीलाचे वर्तन जास्त, अशी त्या मालिकांची रीत आहे.

याबाबतीत आपण मागे नाही. उलट गाण्याने धम्म पोहोचवण्यात आपला समाज कुणाला हार जाणार नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेबांची चळवळ नेली. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. शाळा मिळाली नाही, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि त्या माणसाने हजारो गीते रचली. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि निवर्तले. प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजाने प्रत्येक वस्तीतला ध्वनिक्षेपक भरून गेला. २००० साली जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट आला. २०१९ पासून चित्रवाणीवर बाबासाहेबांच्या चरित्रावर मराठी मालिका झाली, ती घरोघरी आजी आणि नात एकत्र बसून पाहत. शाळेत न गेलेल्या आपल्या आयाबहिणींना महाड, येवले, नागपूर ही नावे पाठ आहेत ती पुस्तकांमुळे नव्हे, गाण्यांमुळे.

मग उणीव कोठे आहे? गाणे माणसाला विहाराच्या दारापर्यंत आणते. दारातून आत जाणे हे त्याचे त्याला करावे लागते. एप्रिल महिन्यात मुरबाड बाजारपेठेत किंवा शहापूरच्या रस्त्यावर मिरवणूक निघते तेव्हा गाणे पंचशीलाचे लागलेले असते आणि त्याच गाण्यावर नाचणाऱ्या एखाद्या तरुणाच्या तोंडाला दारूचा वास येत असतो. पाचवे शील कानातून गेले, पण तोंडापर्यंत पोहोचले नाही. लग्नाचेही तसेच. विधी बौद्ध पद्धतीने अर्ध्या तासात होतो, फुले आणि मेणबत्ती एवढाच त्याचा खर्च. पण आदल्या रात्रीच्या हळदीला ध्वनियंत्रणा, मंडप आणि मटण यांसाठी कर्ज निघते. त्या कर्जाचा हप्ता नवी सून आणि तिचा नवरा पुढची दोन वर्षे फेडतात. साधे लग्न हा बाबासाहेबांनी दिलेला फार मोठा आर्थिक दिलासा आहे. तो आपणच एका रात्रीत वाजवून टाकतो. हळदीला मांडवात गाणे जरूर म्हणा, आयाबहिणींच्या गळ्यात गाणी आहेत. त्यासाठी सावकाराच्या दारात जावे लागत नाही.

५. दान आपल्याच मातीतले आहे

कोणी म्हणेल, बांबूचा गल्ला ही परदेशी गोष्ट झाली, आपला तिच्याशी काय संबंध? तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढतो. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरहून कल्याण आणि सोपारा बंदराकडे जाणारा व्यापाराचा मार्ग याच घाटातून होता. सातवाहन राणीचा शिलालेख तेथील गुहेत आजही आहे. वर जुन्नरभोवती लेण्यांचे डोंगर, खाली सोपाऱ्याला स्तूप. तो स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरून जगापुढे आणला. म्हणजे आज आपण ज्या वाटेने मुरबाडच्या बाजाराला जातो, त्याच मुलखातून त्या काळी बैलांचे तांडे आणि काषाय वस्त्रातले भिक्खू जात असत.

बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांच्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. राजे-राण्या थोड्या. बाकी कोण? कल्याणचा सोनार, कल्याणचा लोहार, व्यापारी, गृहस्थ, स्त्रिया, भिक्खुणी. कोणी पाण्याचे टाके खोदून दिले, कोणी बसण्याचा बाक कोरून दिला. आणि काहींनी ‘अक्षयनीवी’ दिली. अक्षयनीवी म्हणजे मूळ ठेव न मोडता तिच्या उत्पन्नातून दर वर्षी भिक्खूंच्या वस्त्रांचा खर्च चालवायचा. आजच्या भाषेत कायम ठेव. कोणी टाके खोदून दिले की तहानलेल्या प्रत्येकाला त्याची आठवण. हेच आपल्या ठाणे जिल्ह्यातले धम्मदान. तेव्हा बांबूचा गल्ला तैवानहून येथे आला असे समजू नका. आपल्या मातीतली सवय मधल्या काळात हरवली होती, ती परत आणायची आहे.

६. काय घेऊ नये

परक्या देशाचे सगळेच थोर असे मानणे हाही एक अंधविश्वास आहे. तथागतांनी कालामांना सांगितले ते विसरू नका : कोणी सांगितले, परंपरेने आले, ग्रंथात आहे, एवढ्यावर स्वीकारू नका, पारखून घ्या. तैवानच्या बाबतीत तीन गोष्टी पारखून बाजूला ठेवाव्या.

पहिली गोष्ट, देवतांची सरमिसळ. तैवानच्या पुष्कळ मंदिरांत बुद्ध आणि करुणेची बोधिसत्त्व ग्वानयिन यांच्या शेजारी समुद्राची देवी आणि इतर ग्रामदेवता बसलेल्या असतात. लोक लाकडी फाशांचा कौल लावतात, पूर्वजांसाठी खोट्या नोटा जाळतात. तेथील अनेक बौद्ध संस्थाच आता लोकांना सांगतात की कागद जाळू नका, तो पैसा गरजूंना द्या. आपल्याकडे बावीस प्रतिज्ञा आहेत. त्यांत जुन्या देवदेवतांची पूजा, श्राद्ध, पिंडदान यांना स्पष्ट नकार आहे. म्हसाच्या जत्रेला गुरांच्या बाजारासाठी जा, घोंगडी घ्या, पोरांना पाळण्यात बसवा. त्यात धम्माला बाध नाही. पण नवस फेडायला कोंबडे घेऊन जाल तर प्रतिज्ञा मोडली. आणि एक नाजूक गोष्ट : बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरीसमोर नारळ फोडून मागणे मागू नका. त्यांचे स्मरण करायचे, त्यांना नवस करायचा नाही. नाव बदलून देव तोच ठेवला तर धर्मांतर झाले कोठे?

दुसरी गोष्ट, गुरूची भक्ती. तैवानच्या मोठ्या संस्थांत प्रमुख भिक्खू-भिक्खुणींच्या शब्दाला इतका मान असतो की सामान्य उपासक प्रश्न विचारण्यास कचरतो. मान ठेवावा, पण प्रश्नही ठेवावा. कोणत्याही भंतेजींना, बौद्धाचार्यांना किंवा मास्तरांना, यात हा पाठ लिहिणाराही आला, प्रश्न विचारण्याचा अधिकार बुद्धाने आपल्याला दिला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्सुचीच्या सदस्यांसाठी जे दहा नियम आहेत, त्यांत राजकारणात आणि निदर्शनांत भाग घेऊ नये असा एक नियम आहे. त्यांच्या देशाच्या परिस्थितीत त्यांना ते योग्य वाटले असेल. आपल्याला तो परवडणार नाही. कारण सांगतो. भातसा आणि तानसा धरणांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांत उन्हाळ्यात बाया टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. शेजारणीला आपल्या हंड्यातला तांब्याभर पाणी देणे ही करुणा. पण धरण उशाशी असून हंडा रिकामा का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारणे ही समता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली ती कोणाच्या दयेने नव्हे, हक्काने. बुद्धाच्या करुणेला बाबासाहेबांनी हक्काची जोड दिली. गल्ल्यातल्या पैशाने मुलाची वही येईल. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला असेल तर त्यासाठी कचेरीत जाऊन उभेच राहावे लागेल. एक केले म्हणून दुसरे सोडू नका.

७. काय घ्यावे

घेण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. त्यांना पैसा फार लागत नाही, रोजची आठवण लागते.

अ) घरात एक गल्ला ठेवा. मातीचा चालेल, बांबूचा चालेल; आपल्याकडे बांबूला तोटा नाही. रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी घरातल्या एकाने एक रुपया टाकावा, पाळीपाळीने, मुलांनीही. एका घराचे वर्षाला ३६५ रुपये होतात. वस्तीत ४० घरे असतील तर १४,६०० रुपये. एवढ्यात एखाद्या मुलीचे वर्षभराचे जाण्यायेण्याचे भाडे निघेल, दहावीच्या मुलांची पुस्तके येतील, रात्री अडलेल्या बाळंतिणीला कल्याण-ठाण्याला नेण्यासाठी गाडी मिळेल. हिशेब दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर लिहावा. जो पैसा सर्वांचा, त्याचा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर असावा. नाही तर दानातून भांडण निघते. “आम्हीच हातावर पोट असलेले, आम्ही काय दान देणार?” असे कोणी म्हणेल. देणाऱ्या त्या तीस गृहिणीही श्रीमंत नव्हत्या. आजवर आपल्याला समाजाने घेणारा हात समजले. ज्या दिवशी आपला हात देणारा होतो, त्या दिवशी आपली मान आपोआप वर होते. दीक्षेने जे स्वत्व दिले, ते रोज जागे ठेवण्याचा हा मार्ग आहे. ज्या दिवशी रुपया नसेल त्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याचे पाणी भरा. तेही गल्ल्यात पडले असे समजा.

आ) रविवारी घरातल्या सर्वांनी पंधरा मिनिटे एकत्र बसावे. त्रिशरण, पंचशील म्हणावे. पाली शब्दांचा मराठी अर्थ मोठ्याने सांगावा. अर्थ न कळता म्हटलेले शब्द मंत्रासारखे होतात, आणि मंत्रातून सुटण्यासाठीच आपण धम्म घेतला.

इ) घरातल्या शिकणाऱ्या मुलाने ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे एक पान मोठ्याने वाचावे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकून प्रश्न विचारावे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पहिला वाचणारा याच पिढीत आला आहे. पहिल्या वाचणाऱ्याने नुसते स्वतःच्या परीक्षेपुरते वाचू नये. आजोबांचा प्रश्न ऐकून मुलाला उत्तर देता आले नाही, तर ते विहारात विचारावे. असा प्रश्न घरातून विहारात येऊ लागला की विहार नुसती इमारत राहत नाही.

ई) एक गाणे, एक अर्थ. आवडते भीमगीत लावण्यापूर्वी किंवा म्हटल्यानंतर त्यात बाबासाहेबांच्या कोणत्या घटनेचा किंवा बुद्धाच्या कोणत्या शिकवणीचा उल्लेख आहे, हे मुलांना सांगावे. गाणे आवडते म्हणून ऐकणारा आणि गाणे कळते म्हणून ऐकणारा यांत फरक आहे. दुसरा माणूस दारू पिऊन त्या गाण्यावर नाचणार नाही.

उ) स्त्रियांना पुढे बसवा. तैवानात भिक्खूंपेक्षा भिक्खुणींची संख्या जास्त आहे. त्या शिकलेल्या आहेत, इस्पितळे आणि महाविद्यालये चालवतात. १९९८ साली फो ग्वांग शानच्या पुढाकाराने बुद्धगयेत अनेक देशांतल्या शंभराहून अधिक स्त्रियांना भिक्खुणीची पूर्ण उपसंपदा देण्यात आली. ज्या बोधिवृक्षाच्या भूमीवर ज्ञान झाले, तेथेच महाप्रजापती गौतमीची परंपरा पुन्हा दिसली. आणि आपल्या वस्तीत? विहाराची झाडलोट बाई करते, फुले बाई आणते, चहा बाई करते, आणि वंदना घ्यायला मात्र पुरुष पुढे. पुढच्या पौर्णिमेला वंदना तुमच्या सुनेने किंवा मुलीने घ्यावी. ती अडखळली तर अडखळू द्या. पुरुषही पहिल्या दिवशी अडखळलेच होते.

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख ४३ हजार बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात. देशातल्या दर चार बौद्धांमागे तीनहून अधिक आपल्या राज्यात आहेत. एवढ्या मोठ्या समाजाने रोज एक छोटे कृत्य धम्माच्या नावाने केले, तर त्याचा आवाज कोणत्याही ध्वनिक्षेपकाला काढता येणार नाही. तैपेईच्या कोणा अनोळखी उपासकाने आपल्यासाठी एक पुस्तक छापले. ते पुस्तक वाचणे हे त्याचे आभार मानणे. आणि आपल्या गल्ल्यातून दुसऱ्या एखाद्या अनोळखी मुलाच्या हाती पुस्तक ठेवणे, हे त्याचे ऋण फेडणे.

घरी आणि विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. महिन्यातून एकदा दान देणे आणि रोज थोडे देणे यांत रक्कम सारखीच असली तरी फरक कोणता?

२. भिक्खूविषयी बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न आपल्या शब्दांत सांगा. तोच प्रश्न उपासकाला लावला तर काय होईल?

३. करुणा आणि हक्क यांचे आपल्या गावातले एकेक उदाहरण द्या.

४. आपल्या घरातील गेल्या लग्नाचा खर्च मांडा. त्यातला विधीचा किती, हळदीचा किती, आणि कर्ज किती?

५. तुम्हाला पाठ असलेल्या एका भीमगीताचा अर्थ लहान मुलाला कळेल असा सांगा.

उत्तरे लिहून काढण्याची गरज नाही. घरात मोठ्याने बोला. मुलांना ऐकू द्या.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.